सात कमानींचा पूल

वाटाड्याने दोन्ही ब्रेक करकचून आवळले, तरी सायकल ओल्या मुरुमावरून घसरत गेली आणि पुढचं चाक नदीत बुडाल्यावरच थांबली. तोल सावरायला त्याने पाय टेकवला, तर तोही पाण्यातच. बूट काठोकाठ भरला. मागून घंट्या, हाका, ब्रेकची किरकिर, आणि मग एकेक करत सगळे काठावर येऊन थांबले.

समोर नदी होती. रुंद, मातकट, सुस्त. पलीकडच्या काठावर वाट पुन्हा सुरू होत होती, अगदी नाकासमोर, जणू मधलं पाणी कुणीतरी चुकून सांडलं होतं. पूल नव्हता. पाण्यातून दगडी खांबांचे बुडखे तेवढे वर आले होते आणि त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून बसले होते.

"वाटाड्या," दातांचा डॉक्टर म्हणाला, "पूल कुठे ठेवलास?"

कुणीतरी फिदकन हसलं. डॉक्टरने जर्सीच्या मागच्या खिशातून पुस्तिका काढली. नवी कोरी, गुळगुळीत कागदाची. नदीकाठच्या मुरुमाच्या वाटा. मुखपृष्ठावर वाटाड्याचं नाव होतं आणि हेल्मेट काखेत धरलेला त्याचा फोटो. डॉक्टर पान शोधून खणखणीत आवाजात वाचू लागला.

"'झाडी बाजूला होते आणि समोर उभा राहतो सात कमानींचा दगडी पूल. याच्या मधल्या कमानीवर सायकल टेकवून मी कित्येकदा मावळता सूर्य पाहिला आहे.'" डॉक्टरने पुस्तिकेवरून नजर उचलली. "कशावर टेकवलीस म्हणालास?"

आता सगळेच हसले. वाटाड्या पाण्यातच उभा होता. पायाखालची वाळू सरकते असं माणसं उगाच म्हणत असतात. त्याच्या पायाखालची खरोखरच सरकत होती.

पर्यटन कार्यालयातल्या मॅडम मात्र हसल्या नाहीत. पुस्तिका त्यांच्याच कार्यालयाने छापली होती. वरच्या खोऱ्याच्या वाटांचं कामही ह्यालाच द्यायचं आणि त्याबरोबर कार्यालयात कायमची खुर्ची, असं जवळजवळ ठरलं होतं. आज त्या सायकलवर बसून आल्या होत्या ते शेवटचं एकदा बघायला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"पुरात गेला असेल का?" त्या म्हणाल्या. "तुम्ही बघून गेल्यानंतर?"

बुडणाऱ्याला फळी टाकावी तसा तो प्रश्न होता. वाटाड्याने ती दोन्ही हातांनी धरली.

"हो. म्हणजे, तसंच असणार. मागच्या पावसात जोर होता फार."

डॉक्टरने बुडख्यांकडे पाहिलं. दगडांच्या सांध्यांतून मनगटाएवढ्या जाडीची झाडं उगवून वर गेली होती.

"हे झाड मागच्या पावसातलं? काय खत घालतात रे इथे?"

फळीही गेली.

खरं काय ते एकदाच सांगून टाकावं. ह्या माणसाने ही नदी आज पहिल्यांदा पाहिली होती. शनिवारी सायकल मंडळाबरोबर गुळगुळीत डांबरी रस्त्यावर सायकल मारायची आणि परत येऊन दुपारभर ताणून द्यायची, एवढीच त्याची दौड. सुट्या खडीवर चाक थोडं सरकलं की तो दोन्ही ब्रेक आवळायचा. नदीकाठच्या वाटा फिरली होती ती त्याची बायको. जुन्या काळी मालाच्या नावा काठावरून जनावरं ओढत न्यायची; त्या जनावरांच्या खुरांनी पडलेली वाट, पडक्या पाणचक्क्या, छप्पर उडालेली जकातीची चौकी, हे सगळं तिने एकटीने, रविवारमागून रविवार, रुंद टायरच्या जुन्या सायकलवरून पालथं घातलं होतं. कुठे जातेस, हे त्याने कधी विचारलं नाही. जेवायच्या वेळेला घरी असते ना, मग झालं.

तिच्या हँडलवरच्या वाट नोंदणाऱ्या यंत्रात प्रत्येक फेरीची रेघ नकाशावर उमटायची आणि घरी आल्यावर ती आपोआप इंटरनेटवरच्या खात्यात जमा व्हायची. खातं त्याच्या नावावर होतं. घर, फोन, गॅस, सगळंच त्याच्या नावावर, तर हे का वेगळं असावं? कार्यालयाने मंडळाकडे वाटांची माहिती मागितली तेव्हा त्याने खातं उघडलं, रेघा पाहिल्या, आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला. रेघा तिच्या, वर्णनं ह्याची. पाहिलेलं काहीच नव्हतं, त्यामुळे वर्णनाला अडथळा कसलाच आला नाही. नदीवरून सरळ गेलेली रेघ पुलाशिवाय दुसऱ्या कशाची असणार? कार्यालयाच्या भिंतीवरच्या जुनाट नकाशात तिथे पूल होता. आकाशातून घेतलेल्या चित्रात पाण्यात ठोकळे दिसत होते. बास. ठोकळ्यांवर त्याने कमानी चढवल्या, कमानींवर सूर्य मावळवला.

टायपिंग तिने केलं होतं. त्या पानाशी तिची बोटं थांबली होती.

"पूल बघितलात तुम्ही?" तिने विचारलं होतं.

"जुन्या नकाशात आहे. तू टाइप कर."

तिने टाइप केलं.

आता तिचीच सायकल झाडीतून बाहेर येत होती. सगळ्यांच्या मागे राहून कुणाची ट्यूब फुटली, कुणाला धाप लागली ते बघायचं काम त्यानेच तिला दिलं होतं. वाटाड्या पुढे, बायको मागे, हे दिसायलाही बरं दिसतं. ती उतरली, एक नजर नदीकडे टाकली, एक त्याच्या भिजलेल्या बुटाकडे, एक डॉक्टरच्या हातातल्या उघड्या पानाकडे. कुणी काही सांगायची गरजच पडली नाही.

तिने आता फक्त तोंड उघडायचा अवकाश. एक वाक्य पुरे होतं. आणि ते वाक्य बोलायचा तिला सोळा आणे हक्क होता, हे वाटाड्याला कळत होतं; म्हणून तर घाम फुटला होता.

"अहो, माझीच चूक झाली," ती म्हणाली. मग सगळ्यांकडे वळली. "टायपिंग मी केलंय ना. दुसऱ्या एका वाटेचा मजकूर इथे चिकटला माझ्याकडून. इथे पूल नाही, नावेतून जायचं. ह्यांनी सांगितलं होतं मला नीट."

डॉक्टरने हात जोडले.

"वहिनी, धन्य आहात! एका बोटाने सात कमानी बांधल्यात!"

"ठेका द्या ह्यांना," मागून कुणीतरी ओरडलं. "कंत्राटदारापेक्षा तरी लवकर झाला!"

हसण्याचा फुगा फुटला. सगळे मोकळे झाले. माणसांना रागवायचं नसतंच, त्यांना हसायला कुणीतरी हवं असतं. वाटाड्याच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि तो उतरल्याच्या भरात त्याच्या तोंडून निघून गेलं,

"म्हणून सांगतो, बायकोला काम सांगू नये."

वाक्य सुटलं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. पण तोवर डॉक्टरने त्याच्या पाठीवर थाप मारली होती, लोक आणखी जोरात हसले होते, आणि तोही हसत होता. गाल दुखेपर्यंत. बायकोही थोडं हसली. पाव्हण्यांसमोर कप फुटला की घरातली बाई हसते, तसं. मग ती सायकल झाडाला टेकवून काठाने खाली उतरली. तिथे एका खांबाला रुळाचा तुकडा टांगला होता. शेजारचा दगड घेऊन तिने त्याच्यावर टोले दिले. कुठला दगड, कुठे मारायचा, हे शोधावं लागलं नाही.

पलीकडच्या झोपडीतून एक बाई बाहेर आली, डोळ्यांवर हात धरून तिने इकडे पाहिलं आणि नाव सोडली. रुंद बुडाची, सपाट, जुनी नाव. अलीकडे येऊन टेकली तेव्हा नाववालीने वल्ह्यावर हनुवटी ठेवून सगळा लवाजमा न्याहाळला. साठीची असेल. दंड पुरुषासारखे.

"काय गं बाई, आज जत्राच घेऊन आलीस?"

"वहिनी, ओळख दिसतेय!" डॉक्टर म्हणाला.

"आम्ही दोघं येतो ना इथे," बायको चटकन म्हणाली.

"दोघं?" नाववालीने वाटाड्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, आणि खाली भिजलेल्या बुटाशी नजर थांबली. नदीवर जन्म गेलेल्या माणसाला कुठे उतार आहे आणि कुठे डोह, हे सांगावं लागत नाही. "चला, बसा. सायकली आडव्या घाला. जाडे मध्ये, बारके कडेला. आणि नावेत कुणी नाचायचं नाही."

"मी जाडा की बारका?" डॉक्टर म्हणाला.

"तुम्ही तोंडाने जाडे आहात. मध्ये बसा."

पहिल्या खेपेला मॅडम गेल्या, डॉक्टर गेला, आणि बायकोही गेली. पलीकडे सायकली उतरवून घ्यायला कुणीतरी हवं म्हणून. वाटाड्या काठावर उभा राहून सगळ्यांना हात देत होता, सायकली उचलत होता, सूचना करत होता. जपून. हँडल वळव. चेन वर. प्रत्येक सूचना नाववाली आधीच देऊन झालेली असायची. शेवटी तो एकटा उरला आणि त्याची सायकल.

नाव मध्यावर आली.

"तुम्हीच का ते? तिचे?" नाववालीने विचारलं.

"हो."

"बरं झालं आलात." दोन हात मारून झाल्यावर ती म्हणाली, "कसा आहे आता गुडघा?"

"गुडघा?"

"ती म्हणाली होती. मीच एकदा विचारलं ना, बाई एकटीच कशी गं हिंडतेस, घरी कुणी नाही का. तर म्हणाली, आहेत की, पण त्यांच्या गुडघ्याचं दुखणं आहे, नाहीतर आले असते. त्यांना फार आवडलं असतं म्हणाली."

वाटाड्याचा गुडघा आयुष्यात कधी दुखला नव्हता. तो पाण्याकडे बघत बसला. नाव एका बुडख्याला अगदी घासून गेली; पाणकावळा उडालासुद्धा नाही. अलीकडच्या काठावर बायकोने त्याला वाचवलं होतं ते आज, लोकांदेखत. ह्या नदीवर तर ती कधीपासून त्याला वाचवत होती. ज्या बाईला त्याचं तोंडही माहीत नव्हतं, तिच्यापाशी.

"आता बरा आहे," तो म्हणाला.

"दिसतंय," नाववाली म्हणाली आणि नाव काठाला लावली.

पलीकडे वाट उंच बांधावरून जात होती. लोक पुन्हा खुशीत आले होते. नावेचे फोटो निघाले होते. पूल असता तर इतकी मजा आली नसती, असंही कुणीतरी म्हणालं. मॅडम वाटाड्याच्या शेजारून सायकल चालवत होत्या. वरच्या खोऱ्यातही अशा नावा असतील का, त्यांचं वेगळं पान करता येईल का, असं विचारत होत्या. खुर्ची होती तिथेच होती. आनंद व्हायला हवा होता. तो हो, करू, बघू, म्हणत होता आणि मान वळवून मागे पाहायचा धीर त्याला होत नव्हता. मागून तिच्या टायरखाली मुरूम करकरताना ऐकू येत होता. एका लयीत. ती खडीवर कशी सायकल चालवते ते त्याने आजवर पाहिलंच नव्हतं.

"पुढे डावीकडे वळायचंय," डॉक्टर पुस्तिका बघून ओरडला. "'पडकं पंपघर. माझी सर्वांत आवडती जागा. इथे घटकाभर टेकल्याशिवाय मी कधीच पुढे गेलो नाही.' चला, वाटाड्याची लाडकी जागा बघू."

ह्या ओळी लिहिताना त्याला खोटं बोलल्यासारखंसुद्धा वाटलं नव्हतं. प्रत्येक रविवारच्या रेघेत तिथे एक गाठ होती. यंत्र चालू, चाकं थांबलेली. कधी थोडा वेळ, कधी पुष्कळच. एवढं थांबते म्हणजे देखावा असणार.

देखावा नव्हता. वाट नदीला पाठ करून आत वळली आणि एका खाणीच्या कुंपणापाशी येऊन संपली. कुंपणापलीकडे खडी फोडायचं यंत्र धडधडत होतं. कानठळ्या बसत होत्या. अलीकडे पंपघराच्या तीन भिंती आणि अर्धं छप्पर. चौथी बाजू उघडी, तीही नदीकडे नव्हे, खाणीच्या बांधाकडे. आत काटेरी झुडपं, गंजलेला पाइप आणि भिंतीला लागून एक चपटा दगड.

सगळे उतरले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. यंत्राच्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागत होतं.

"इथून नदी दिसतच नाही!" मॅडम ओरडल्या.

"हो!" वाटाड्या ओरडला.

"मग काय आहे इथे?"

त्याने तोंड उघडलं. शांतता, असं काहीतरी म्हणायचं त्याच्या मनात होतं. ते म्हणायची सोय नव्हती. त्याने नुसताच हात हवेत फिरवला, जणू ज्याला कळायचं त्याला कळेल. डॉक्टर पायाने झुडपं बाजूला करत देखावा शोधत होता.

बायको बाहेर, सायकलपाशी वाकून मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हचं टोपण घट्ट करत होती. ते घट्टच होतं. वाटाड्या तिच्याजवळ गेला. त्याला तिच्या कानापाशी तोंड न्यावं लागलं. इतक्या जवळ तो कितीतरी दिवसांत आला नव्हता.

"इथे काय करायचीस?"

"काय?"

"इथे! थांबून! काय करायचीस?"

"काही नाही."

"एवढा वेळ?"

तिने टोपण आणखी एक फेरा पिळलं. खाणीच्या आवाजाकडे मान कलती केली, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं.

"इथे कुणाला काही ऐकू जात नाही," ती म्हणाली. मग बोटं पुसली. "बसायचे. घरी जायची तयारी करायचे."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर त्याला भांडता आलं असतं, तू मला कधी सांगितलंस, असं म्हणता आलं असतं. ती तर भाजी आणायची आहे म्हणावं तशी म्हणाली होती. त्याला एकदम आठवलं की रविवारी ती दारातून आत यायची तेव्हा तिचा चेहरा धुतलेला असायचा. वारा लागून लाल झाला असेल, असं त्याला वाटायचं. नाही, त्याला काहीच वाटायचं नाही. त्याने तो चेहरा पाहिलाच नव्हता. वाऱ्याचं तो आत्ता, ह्या क्षणी रचत होता, पुलासारखं.

"वाटाड्या!" आतून डॉक्टर हातवारे करत होता. "फोटो! इकडे ये! मध्ये तू, तुझ्या सिंहासनावर!"

त्याला ओढत आत नेलं. सगळे भिंतीला लागून उभे राहिले, मधला चपटा दगड त्याच्यासाठी मोकळा ठेवून. दगडाची वरची बाजू घासून गुळगुळीत झाली होती. एकाच माणसापुरता होता तो. वाटाड्या त्याच्यासमोर उभा राहिला आणि त्याचे गुडघे वाकेनात. खरंच वाकेनात.

"अरे बस की! लाजतोयस काय नवरीसारखा!"

फोटो काढायला माणूस हवाच होता. डॉक्टरने आपला फोन बाहेर उभ्या असलेल्या वहिनींच्या हातात दिला. ती चार पावलं मागे सरकली, फोन डोळ्यांसमोर धरला. तिचा चेहरा फोनमागे गेला. वाटाड्याने मॅडमकडे पाहिलं, डॉक्टरकडे पाहिलं. नको म्हणायला एक शब्द पुरत होता. तो शब्द त्याच्यापाशी नव्हता, कधीच नव्हता. तो बसला. उजव्या मांडीला काहीतरी रुतलं. त्याने अंग चोरलं आणि हसू तोंडावर आणलं.

"अहो!" यंत्राच्या धडधडाटावर मात करत बायको ओरडली, आणि नेमकं त्याच क्षणी खाणीतल्या माणसांची सुट्टी झाली असावी. यंत्र थांबलं. धडधड एकदम तोडल्यासारखी तुटली. पण तिचा आवाज आधीच चढलेला होता. तो तसाच, लख्ख, भिंतींवर जाऊन आपटला.

"डावीकडे सरका! उजवीकडचा कोपरा टोचतो!"

कुंपणावरची धूळ खाली बसत होती.

डॉक्टरचं तोंड उघडंच राहिलं. त्यातून विनोद काही बाहेर आला नाही. मॅडमनी मान वळवून आधी दगडाकडे पाहिलं, मग बाहेर उभ्या असलेल्या बाईकडे, तिच्या मागच्या सायकलच्या झिजलेल्या टायरकडे, आणि तिथेच बघत राहिल्या. वाटाड्याकडे कुणीच पाहिलं नाही. माणूस उघडा पडला की भली माणसं नजर फिरवतात, तशी सगळ्यांनी फिरवली होती.

बायकोने फोन थोडा खाली केला. आपण काय बोललो ते तिलाही आता ऐकू आलं होतं. पण ह्या वेळी तिने सावरून घेतलं नाही. टायपिंगची चूक म्हटली नाही, आम्ही दोघं म्हटलं नाही, गुडघ्याचं काही काढलं नाही. तिने फोन पुन्हा डोळ्यांसमोर धरला आणि वाट पाहत उभी राहिली.

वाटाड्या डावीकडे सरकला.

तिथे टोचत नव्हतं.